गोळी आहे, मग नवं औषध कशाला?

एचआयव्हीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘सरकारी दवाखान्यात रोजची एक गोळी फुकट मिळते. ती नेमाने घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, असं डॉक्टरच सांगतात. मग कंपन्या अजून नवी औषधं कशाला शोधत बसल्यात?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. ‘आणि शोधली, तरी ती आपल्याला परवडणार आहेत का?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. नवं औषध प्रयोगशाळेतून निघून मंजुरीपर्यंत पोचतं, तिथे त्याचा निम्माच प्रवास होतो. उरलेला निम्मा मंजुरीपासून रुग्णाच्या हातापर्यंतचा. पहिल्या निम्म्यात शास्त्रज्ञांची बुद्धी आणि चिकाटी लागते. दुसऱ्या निम्म्यात पेटंट, परवाने, टेंडर आणि लोकांचा रेटा लागतो. एचआयव्हीच्या इतिहासात लाखो माणसं या दुसऱ्या निम्म्यात दगावली. औषध जगात होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून या प्रकरणात आपण दोन्ही वाटा पाहणार आहोत.

१. विषाणू पेशीत शिरून काय करतो

एचआयव्हीला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. त्याला माणसाची पेशी लागते, तीही रोगप्रतिकारशक्तीचा कणा असलेली सीडी-फोर पेशी. विषाणू या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. त्याचा वारसा आरएनएच्या स्वरूपात असतो आणि तो प्रथिनांच्या एका शंकूसारख्या कवचात बंद असतो. या कवचाचं नाव कॅप्सिड. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत गेल्यावर विषाणूचं एक विकर आरएनएवरून डीएनए तयार करतं. दुसरं विकर, इंटिग्रेज, तो डीएनए पेशीच्या केंद्रकात तिच्या स्वतःच्या डीएनएमध्ये शिवून टाकतं. मग पेशीच विषाणूची प्रथिनं बनवू लागते. तिसरं विकर, प्रोटिएज, त्या लांबलचक प्रथिनांचे योग्य जागी तुकडे पाडतं आणि नवे विषाणू बाहेर पडतात.

एचआयव्हीची बहुतेक औषधं यातल्या कोणत्या तरी एका पायरीवर घाव घालतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन पहिलं विकर अडवतात. डोल्युटेग्राविर शिवणकाम थांबवतं. पण काही पेशींमध्ये विषाणूचा डीएनए शिवला जातो आणि ती पेशी झोपी जाते. झोपलेल्या पेशीत विषाणूचं काहीच चाललेलं नसतं, त्यामुळे औषधाला अडवायला काही सापडत नाही. औषध बंद केलं की काही आठवड्यांत अशा पेशी जाग्या होतात आणि विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. औषध जन्मभर घ्यावं लागतं ते यामुळे. तिशीतल्या माणसाने सत्तरीपर्यंत रोज एक गोळी घ्यायची म्हणजे १४,६०० गोळ्या झाल्या.

२. तीन औषधं एकदम का देतात

या विषाणूची नक्कल करण्याची पद्धत अतिशय गचाळ आहे. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात आणि त्यातल्या बऱ्याच नकलांमध्ये एखादी चूक असते. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात. पण एखादी चूक अशी निघते की औषध त्याच्यावर चालेनासं होतं.

सोपं गणित करून पाहू. एका औषधाला दाद न देणारा विषाणू लाखात एक तयार होतो असं धरू. रोज १,००० कोटी विषाणू तयार होत असतील, तर असे १ लाख विषाणू रोज जन्माला येतील. एकटं औषध काही महिन्यांत निकामी होतं ते असं. आता दोन औषधं एकदम दिली. दोन्ही चुका एकाच विषाणूत यायची शक्यता १,००० कोटींत एक, म्हणजे दिवसाला एखादा. तीन औषधं दिली, तर असा विषाणू १ लाख दिवसांत एकदा, म्हणजे पावणेतीनशे वर्षांत एकदा तयार होईल. प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं असतं. तरी तीन औषधं एकत्र देण्यामागचं तर्कशास्त्र हेच आहे. डोल्युटेग्राविरसारख्या औषधाला हरवायला विषाणूला एकाहून अधिक बदल करावे लागतात, म्हणून आता काही रुग्णांना दोन औषधांवरही ठेवता येतं.

पण गोळ्या मध्येच सुटल्या आणि रक्तातलं औषध कमी पडलं, की विषाणूला वाढायला आणि चुका करायला वाव मिळतो. काउन्सेलर प्रत्येक भेटीत ‘गोळी चुकवली का?’ असं विचारतात, त्याचं कारण हे.

३. पहिलं औषध

पहिलं औषध मुळात एचआयव्हीसाठी शोधलंच नव्हतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे जेरोम हॉरविट्झ यांनी झिडोव्हुडिन, म्हणजेच एझेडटी, कर्करोगासाठी तयार केलं. तिथे ते चाललं नाही आणि बाजूला पडलं. १९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला, आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हे जुनं रसायन नव्या विषाणूवर चालतं असं दिसलं. त्यानंतर २८२ रुग्णांवर चाचणी झाली. ती मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १९ जण मरण पावले होते आणि एझेडटी घेणाऱ्यांपैकी एक. मार्च १९८७ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली.

सुरुवातीला हे औषध दर चार तासांनी घ्यायचं होतं, रात्री उठूनसुद्धा. वर्षाचा खर्च सुमारे १०,००० डॉलर. औषधाच्या किमतीवरून रुग्ण रस्त्यावर उतरण्याची परंपरा इथून सुरू झाली. सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ॲक्ट अप’ संघटनेचे कार्यकर्ते न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरले आणि त्यांनी स्वतःला साखळीने सज्जाला बांधून घेतलं. काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. एकटं एझेडटी फार काळ पुरत नव्हतं, हे वरच्या गणितावरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

१९९५च्या अखेरीस प्रोटिएज अडवणारी औषधं आली आणि १९९६ मध्ये तीन औषधांचा उपचार रुळला. १९९७ मध्ये अमेरिकेतले एड्सचे मृत्यू आदल्या वर्षीच्या तुलनेत ४७ टक्क्यांनी घटले. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला लागली. हे सुख स्वस्त नव्हतं आणि सोपंही नव्हतं. इंडिनाविर नावाची गोळी दर आठ तासांनी रिकाम्या पोटी घ्यायची, वर दिवसभर लिटर-दीड लिटर पाणी प्यायचं, नाहीतर मुतखडा व्हायचा. आणि वर्षाचा खर्च १०,००० ते १५,००० डॉलर.

४. मुंबईतून गेलेला देकार

त्या वेळी एचआयव्हीबाधितांपैकी बहुसंख्य लोक आफ्रिकेत होते. १०,००० डॉलर हा आकडा तिथे निरर्थक होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला. दिवसाला एक डॉलरहून कमी! हे शक्य झालं ते भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. वेगळी पद्धत शोधली की तेच औषध बनवायला मोकळीक होती.

यातली एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. सिप्लाची ‘ट्रायोम्यून’ ही तीन औषधांची एकत्र गोळी होती: स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन. श्रीमंत देशांत ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या कंपन्यांची होती, त्यामुळे ती एका गोळीत घालायला तिथे कोणी पुढे आलं नव्हतं. भारतात तशी अडचण नव्हती. त्यामुळे सर्वात गरीब रुग्णांना मिळालेली गोळी श्रीमंत रुग्णांच्या गोळ्यांपेक्षा घ्यायला सोपी निघाली.

त्याच सुमाराला ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचलं होतं, कारण त्या देशाने स्वस्त औषधं आणण्याची मुभा देणारा कायदा केला होता. जगभरातून टीका झाली आणि एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी दावा मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केलं की पेटंटच्या नियमांनी सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये. २००२ मध्ये ग्लोबल फंड उभा राहिला, २००३ मध्ये अमेरिकेचा ‘पेपफार’ कार्यक्रम जाहीर झाला. पैसे देणारे आले आणि स्वस्त माल बनवणारे तयार होतेच. २००३ ते २००८ या काळात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी देणगीच्या पैशातून घेतलेल्या एचआयव्ही औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माल भारतीय कंपन्यांचा होता.

खुद्द भारतात सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ला सुरू झाले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. १९९६ ते २००४ या आठ वर्षांत औषध असूनही आपली किती माणसं गेली, याचा विचार केला की आजही मन अस्वस्थ होतं.

५. स्वस्त औषधही बदलावं लागतं

पहिल्या स्वस्त गोळीतलं स्टॅव्हुडिन जीव वाचवायचं, पण त्याची किंमत शरीर मोजायचं. दोन-तीन वर्षांत चेहऱ्यावरची चरबी झडायची, गाल आत जायचे, हातापायांच्या काड्या व्हायच्या, तळपायांची आग व्हायची. गावात अशा चेहऱ्याकडे पाहून लोक आजार ओळखू लागले. ज्या गोळीने माणूस जगला, त्याच गोळीने त्याचं गुपित फोडलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. ‘औषध आहे, मग नवं कशाला?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या बसलेल्या गालांत आहे.

स्टॅव्हुडिनच्या जागी आलं टेनोफोविर. त्याचा रेणू प्रागच्या आंतोनिन होली यांच्या प्रयोगशाळेतला. २०१३ मध्ये डोल्युटेग्राविर मंजूर झालं आणि यावेळी वाट वेगळी निघाली. २००५ नंतर भारतातही रेणूवर पेटंट मिळू लागलं होतं, त्यामुळे सिप्लाने २००१ मध्ये केलं तसं करणं अवघड झालं होतं. पण २०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘मेडिसिन्स पेटंट पूल’ या संस्थेने मूळ कंपनीशी करार करून तेच औषध स्वस्तात बनवणाऱ्या जेनेरिक कंपन्यांना परवाने मिळवून दिले. सप्टेंबर २०१७ मध्ये टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी, जिला सगळे टीएलडी म्हणतात, गरीब देशांसाठी वर्षाला ७५ डॉलर या दराने जाहीर झाली. २०२३ मध्ये हा दर ४५ डॉलरच्या खाली आला.

एवढं स्वस्त कसं होतं? टीएलडीच्या एका गोळीत ३००, ३०० आणि ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं असतात. रोज ६५० मिलिग्रॅम म्हणजे वर्षाला सुमारे २३७ ग्रॅम, पावकिलोला थोडं कमी. तिच्याआधीच्या गोळीत डोल्युटेग्राविरच्या जागी इफाविरेन्झ होतं, रोज तब्बल ६०० मिलिग्रॅम. त्या जागी ५० मिलिग्रॅमचं औषध आलं, तेव्हा कच्चा माल कमी लागू लागला. गोळीचं वजन घटणं, कोट्यवधी रुग्णांची एकत्र खरेदी आणि पाच-सात कारखान्यांची स्पर्धा, या तिन्हींमुळे दर खाली आला. यातली स्पर्धा काढून टाकली तर उरलेली दोन कारणं किंमत उतरवायला पुरत नाहीत, असं मला वाटतं.

६. चाचण्यांची चाळण

प्रयोगशाळेत विषाणूला अडवणारी हजारो रसायनं सापडतात. त्यातली बहुतेक विषारी निघतात, पोटात टिकत नाहीत किंवा बनवता येत नाहीत. जी उरतात ती प्राण्यांवर तपासतात. मग माणसांवरचा पहिला टप्पा, काही डझन लोकांत औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी. दुसऱ्यात मात्रा ठरते. तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांत आधीच्या चांगल्या औषधाशी तुलना होते. आता एचआयव्हीवर चांगली औषधं असल्यामुळे कोणालाही खोट्या गोळीवर ठेवता येत नाही. नवं औषध जुन्याइतकं तरी चालतं, हे सिद्ध करावं लागतं.

इस्लाट्राविरची गोष्ट या चाळणीचं उत्तम उदाहरण आहे. हा रेणू जपानच्या यामासा कंपनीचा. ही कंपनी सोया सॉस बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मर्क कंपनीने त्याचे हक्क घेतले. औषध शरीरात फार काळ टिकतं, त्यामुळे महिन्याला एक गोळी पुरेल अशी आशा होती. पण डिसेंबर २०२१ मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध घेणाऱ्यांच्या लिम्फोसाइट, म्हणजे ज्या पेशी वाचवायच्या त्याच पेशी, कमी होताना दिसल्या. एखाद्या कंपनीने तिथेच प्रकरण मिटवलं असतं. मर्कने मात्रा कमी करून काम पुन्हा सुरू केलं. रोजच्या गोळीत आता हे औषध पाव मिलिग्रॅम असतं, आणि दुसऱ्या एका औषधाबरोबर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीची चाचणी तिसऱ्या टप्प्यात पोचली. संसर्ग टाळण्यासाठी महिन्यातून एकदा घ्यायची एक वेगळी गोळी मर्कने २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्यात नेली.

लसीच्या वाटेवर मात्र पुन्हा पुन्हा निराशा आली. २०२० आणि २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्या परिणाम दिसत नाही म्हणून बंद कराव्या लागल्या. त्यामुळे दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांवरच आता जगाची भिस्त आहे.

७. वर्षातून दोन इंजेक्शनं

आता कॅप्सिडकडे वळू. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात वेस्ली सुंडक्विस्ट यांनी या कवचाची रचना वर्षानुवर्षं अभ्यासली. कवचाच्या एका तुकड्याला किंचित धक्का लावला तरी विषाणू पांगळा होतो, असं त्यांना आढळलं. गिलिअड कंपनीत टोमास सिहलार यांच्या गटाने दोन हजारच्या दशकाच्या मध्यापासून त्यावर काम केलं. कवच योग्य वेळी उलगडावं लागतं आणि नव्या विषाणूत योग्य आकारात जुळावं लागतं. लेनाकापाविर हे औषध दोन्ही कामं बिघडवतं.

या औषधात एक मोठी खोट होती: ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गोळीसाठी ही अडचण असते. संशोधकांनी तिचाच उपयोग केला. पोटाच्या कातडीखाली दीड-दीड मिलिलिटरची दोन इंजेक्शनं देतात, एकूण ९२७ मिलिग्रॅम. औषध तिथे साचून राहतं, बोटाला लागेल अशी लहानशी गाठ येते आणि तिच्यातून सहा महिने औषध रक्तात उतरत राहतं. पहिल्या खेपेला पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी गोळ्याही घ्याव्या लागतात, म्हणजे सुरुवातीपासून रक्तात पुरेसं औषध असतं.

शेतकऱ्याला हे चटकन कळेल. रोजची गोळी म्हणजे पाटाचं पाणी. पाळी आली की वाफे भरायचे आणि एखादी पाळी चुकली की पीक सुकायचं. इंजेक्शन म्हणजे ठिबक. टाकी एकदा भरली की थेंब थेंब मुळाशी पडत राहतो. पण टाकी रिकामी होत आली की थेंब एकदम बंद होत नाही, नुसता मंद होतो. संसर्ग टाळण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनची तारीख चुकली तर रक्तात कित्येक महिने अपुरं औषध रेंगाळतं आणि त्या काळात संसर्ग झाला, तर विषाणूला त्या औषधाशी सामना करायला शिकण्याची संधी मिळते. दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रत्येक औषधात हा धोका असतोच.

संसर्ग न झालेल्या माणसाला तो होऊ नये म्हणून हे इंजेक्शन देऊन पाहिलं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली आणि स्त्रियांमध्ये चाचणी झाली. जून २०२४ मध्ये निकाल जाहीर झाला: इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. त्याच चाचणीत रोजची जुनी गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाला. गोळी निकामी होती असं मुळीच नाही. रोज घेतली तर ती उत्तम काम करते. पण बहुतेक जणी ती रोज घेऊ शकल्या नाहीत. आपल्याकडचाच विचार करा. सासरच्या घरात गोळ्यांची बाटली लपवायची कुठे? सहा महिने ऊसतोडीला गेल्यावर पालात ती ठेवायची कशी? नवऱ्याने विचारलं तर सांगायचं काय? आपल्या मूळ प्रश्नाचं दुसरं आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं उत्तर या १६ आणि शून्य या आकड्यांत आहे.

उपचारासाठी मात्र एकटं लेनाकापाविर चालत नाही. तीन औषधांचं गणित इथेही लागू आहे. त्याला तितकेच दिवस टिकणारा जोडीदार हवा, म्हणून त्याच्यासोबत सहा महिने टिकणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या चालल्या आहेत. वर्षातून एकच इंजेक्शन पुरेल का, हेही तपासलं जात आहे. दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिनच्या इंजेक्शनांना मंजुरी मिळून काही वर्षं झाली. पण रिल्पिव्हिरिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि दोन्ही इंजेक्शनं नर्सच्या हातूनच घ्यावी लागतात, त्यामुळे आपल्यासारख्या देशात ती फारशी पोचलेली नाहीत.

८. बाजार कोणाकडे पाहतो

२०२४च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३ कोटी १६ लाख लोक औषधावर होते. यातले बहुसंख्य गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. पण कंपन्यांचा पैसा येतो तो अमेरिका-युरोपातून. गिलिअडच्या बिक्टार्वी या एका गोळीची २०२४ची विक्री १,३४० कोटी डॉलरची होती. ती विकत घेणारे रुग्ण जगातल्या एकूण रुग्णांच्या मानाने मूठभरच आहेत. त्या गोळीवर अमेरिकेत जेनेरिक माल आणू पाहणाऱ्या सिप्ला, लुपिन आणि लॉरस या कंपन्यांशी गिलिअडने २०२५ मध्ये तडजोड केली. त्यानुसार एप्रिल २०३६ आधी स्वस्त गोळी तिथे येणार नाही.

कोणता रेणू पुढे न्यायचा आणि कोणता थांबवायचा, यावरही पैशाची सावली पडते. टेनोफोविरचा एक सुधारित प्रकार, मूत्रपिंडांना आणि हाडांना कमी त्रास देणारा, गिलिअडकडे २००४च्या आधीच होता. ३०० मिलिग्रॅमच्या जागी २५ मिलिग्रॅम पुरणारा. कंपनीने २००४ मध्ये त्याचं काम थांबवलं, काही वर्षांनी पुन्हा हाती घेतलं आणि तो बाजारात आला २०१५ मध्ये, जुन्या प्रकाराचं पेटंट संपत येत असताना. हजारो रुग्णांनी यावरून अमेरिकेत दावे केले. कंपनीला हा आरोप मान्य नाही. न्यायालयं काय ठरवायचं ते ठरवतील. पण चांगलं औषध कपाटात असताना लोकांनी दहा वर्षं जास्त त्रासाचं औषध घेतलं, ही गोष्ट कोणत्याही निकालाने बदलणार नाही.

मुलांच्या औषधांची गत याहून वाईट. श्रीमंत देशांत एचआयव्हीसह जन्मणारी मुलं आता फारच कमी, त्यामुळे त्यांच्यासाठी गोळ्या बनवण्यात कोणाला नफा दिसत नाही. कित्येक वर्षं आफ्रिकेतल्या आया मोठ्यांच्या गोळ्या तोडून, नाहीतर कडू सिरप साखरेत कालवून मुलांना देत होत्या. डिसेंबर २०२० मध्ये पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्राविरची छोटी गोळी वर्षाला ३६ डॉलरना जाहीर झाली. ती बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक मुंबईची मॅकलिऑड्स. त्यासाठी युनिटएड आणि क्लिंटन हेल्थ ॲक्सेस इनिशिएटिव्ह या संस्थांना मागणीची हमी आणि पैसे उभे करावे लागले. बाजाराच्या भरवशावर सोडलं असतं तर ती गोळी आलीच नसती.

९. २८,२१८ आणि ४०

संसर्ग टाळण्यासाठी लेनाकापाविरला अमेरिकेत १८ जून २०२५ला मंजुरी मिळाली. वर्षाची जाहीर किंमत: २८,२१८ डॉलर. आपल्या पैशात २४-२५ लाख रुपये.

दुसरीकडे ऑक्टोबर २०२४ मध्येच गिलिअडने सहा जेनेरिक कंपन्यांना १२० देशांसाठी परवाने दिले होते. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत आणि पुण्याची एमक्युअरही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की डॉ. रेड्डीज आणि हेटेरो हे औषध २०२७ पासून माणशी वर्षाला ४० डॉलरना देतील. सुमारे साडेतीन हजार रुपये. दोन किमतींत सातशे पटींहून जास्त फरक आहे.

आधीचं पावकिलोचं गणित आठवा. इंजेक्शनांत लेनाकापाविर वर्षाला दोन ग्रॅमसुद्धा लागत नाही. त्याचा रेणू बनवणं किचकट आहे हे खरं, तरी एवढ्याशा मालासाठी २८,२१८ डॉलर लागतात हे मानायला मी तयार नाही. संशोधनाचा खर्च, फसलेल्या रेणूंचा खर्च निघायलाच हवा. तो किती आणि किती वर्षं काढायचा, हे कंपनीने एकटीने ठरवणं मात्र मला पटत नाही.

परवान्यातही एक सल आहे. या औषधाच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरूमधल्या लोकांनी भाग घेतला. परवान्याच्या १२० देशांच्या यादीत यातला एकही देश नाही. ज्यांनी आपल्या अंगावर औषध तपासू दिलं, त्यांच्याच देशाला स्वस्त माल नाही, हे उघड उघड अन्यायाचं आहे. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने लेनाकापाविरच्या भारतातल्या पेटंट अर्जांना हरकत घेतली आहे. इथे पेटंट नाकारलं गेलं तर भारतीय कारखान्यांना परवान्याच्या यादीबाहेरच्या देशांचाही विचार करता येईल.

आणि ४० डॉलरसुद्धा कोणीतरी द्यायचे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली, तेव्हा आफ्रिकेतली कित्येक केंद्रं बंद पडली. औषध तयार असलं, दर परवडणारा असला, तरी खरेदीदाराने हात आखडला की सगळी साखळी तुटते.

१०. आपल्याकडे काय

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. संख्येने महाराष्ट्र सर्वात पुढे. राष्ट्रीय कार्यक्रमाचा खर्च आता केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे परदेशी मदतीच्या चढउतारांची झळ आपल्याला कमी बसते. आपली अडचण टेंडरची आहे. २०२२ मध्ये खरेदी रखडली, डोल्युटेग्राविरचा साठा संपत आला आणि रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ ठिय्या दिला. जगाला औषध पुरवणाऱ्या देशात केंद्रावर महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या मोजून द्याव्या लागल्या. नवं औषध येईल तेव्हा येईल, हातातलं औषध वेळेवर पोचवणं ही सरकारची रोजची जबाबदारी आहे.

लेनाकापाविरच्या परवान्यात भारत आहे. कारखाने आपले आहेत. ते इथल्या सरकारी केंद्रात कोणाला आधी द्यायचं, किती जणांना द्यायचं, हे ठरवायचं काम बाकी आहे, आणि २०२७ फार लांब नाही. हा प्रश्न लोकप्रतिनिधींना, आरोग्य खात्याला आतापासून विचारायला हवा.

तोवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी टीएलडीवर असाल, तर नव्या इंजेक्शनची वाट पाहत गोळी थांबवू नका. ती नेमाने घेतली आणि व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडत नसला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे. तपासणी करून घ्यायची असेल किंवा एचआयव्हीची मोफत औषधं देणारं जवळचं एआरटी केंद्र शोधायचं असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे.